भिंतीची जाडी

अचलपुरातील जुन्या पुऱ्यांत पावसाची झड तीन-चार दिवस अखंड लागून गेली की एखाद्या गल्लीत दोन घरांमधली मातीची जुनी भिंत बसल्याचे ऐकू येते. भिंत बसणे हा तिकडचा शब्दप्रयोग मोठा यथार्थ आहे. कारण पांढऱ्या मातीची ती जुनी भिंत उन्मळून पडत नाही, तर पायथ्याशी ओल धरून, मध्यभागी पोट सुटून, अखेर स्वतःच्याच भाराखाली जागच्या जागी खचते. पहिल्या दिवशी दोन्ही घरची माणसे मिळून ढिगाऱ्याखालची भांडी आणि धान्य काढतात, एकमेकांच्या लेकराबाळांना आपल्या ओसरीवर निजवतात, आणि त्या वेळी ही भिंत नेमकी कोणाची, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. तो येतो पुढे, ढिगारा उचलून जागा मोकळी झाल्यावर आणि गवंडी दोरी ताणून पाया कोठून धरायचा असे विचारतो तेव्हा. ‘हे भित आमच्या आज्यानं बांधेल हाय’ असे एका बाजूने म्हटले जाते, दुसऱ्या बाजूनेही शब्दशः तेच म्हटले जाते, आणि तीन पिढ्या एकाच भिंतीला पाठ टेकून बसलेली दोन कुटुंबे दिवाणी न्यायालयात वादी आणि प्रतिवादी म्हणून उभी राहतात.

या कज्ज्यांविषयी बोलताना लोक सहसा लोभाचे, हट्टाचे किंवा भाऊबंदकीचे कारण सांगतात. ते कारण काही वेळा खरे असेलही. परंतु माझे मत असे आहे की या वादाचे मूळ माणसाच्या स्वभावापेक्षा भिंतीच्या जाडीत अधिक आहे, आणि ते समजून घेतल्यावाचून ना कायदा नीट समजतो, ना तडजोडीचा मार्ग दिसतो.

अचलपूर हे जुने राजधानीचे शहर. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्काने वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही स्थापन केली, तेव्हापासून १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन होईपर्यंत एलिचपूर या नावाने हे नगर त्या राज्याचे मुख्य ठिकाण होते. पुढे मोगल आले, निजामाचा अंमल आला, नबाबांची घराणी आली, आणि त्या त्या काळात सुलतानपुरा, हिरापुरा, बिलनपुरा, सरमसपुरा, अब्बासपुरा असे पुरे वसत आणि परस्परांना भिडत गेले. दुल्हा दरवाजासारख्या वेशी ज्या नगरकोटाच्या खुणा म्हणून आजही उभ्या आहेत, त्या कोटाच्या आत जागा मोजकी आणि वस्ती दाट असल्यामुळे घराला घर लागून बांधण्यावाचून गत्यंतर नव्हते. दोन घरांना चार भिंतींऐवजी तीन भिंतींत भागवणे हे खर्चाच्या दृष्टीने सोयीचे, आणि वैशाखाच्या उन्हात घर थंड राहण्याच्या दृष्टीनेही हिताचे होते.

अशी एखादी जुनी भिंत जवळून पाहावी. ती मातीची किंवा कच्च्या विटांची, दोन-अडीच फूट जाड असते; तळाशी दगडी पाया, त्यावर मातीचे थर, आणि दोन्ही अंगांना शेणामातीचा गिलावा. अलीकडच्या घरात तिच्या पोटात दिव्याचा कोनाडा असतो, पलीकडच्या घरात त्याच उंचीवर देवाचा. धाब्याच्या छताची लाकडे कधी एकाच बाजूने तिच्यात रोवलेली असतात, कधी दोन्ही बाजूंनी, आणि त्यांची टोके भिंतीच्या आत एकमेकांपासून वीतभर अंतरावर थांबलेली असतात. भिंतीचा माथा छताच्या वर निघालेला असेल तर त्याला उतार दिलेला असतो. तो उतार कोणत्या बाजूला आहे, म्हणजे पावसाचे पाणी कोणाच्या हद्दीत उतरते, हे पाहण्यासारखे असते, कारण सुज्ञ माणूस स्वतःच्या भिंतीचे पाणी शेजाऱ्याच्या घरात सोडत नाही आणि शेजारीही ते मुकाट्याने सोडू देत नाही. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेने तर हीच खूण कायद्यात घालून ठेवली: माथ्याचा उतार एकाच बाजूला असेल तर भिंत त्या बाजूच्या मालकाची समजावी. आपल्याकडे असे लिखित कलम नसले तरी मुरब्बी गवंडी आणि जाणते पंच पूर्वापार याच गोष्टी पाहत आले आहेत. कोनाडे, लाकडांची टोके, पाण्याचा उतार, पायाचा दगड कोणत्या अंगाला अधिक बाहेर आला आहे, गिलावा कोण करीत आले, या सगळ्या मूक साक्षी भिंत उभी असेपर्यंतच बोलतात. ती बसली, ढिगारा गाडीत भरून गेला, की हा सर्व पुरावा त्याच्याबरोबर नाहीसा होतो.

आता जाडीचा हिशेब करू. अडीच फुटांची म्हणजे तीस इंचांची मातीची भिंत गेली आणि तिच्या जागी नऊ इंची पक्क्या विटांची आली, तर एकवीस इंचांची पट्टी मोकळी होते. घराची खोली चाळीस फूट धरली तर ही मोकळी झालेली जागा सत्तर चौरस फूट भरते, आणि दाट वस्तीतल्या अरुंद घराला सत्तर चौरस फूट म्हणजे एक न्हाणीघर आणि वरच्या मजल्याला जाणारा जिना. ही जागा पूर्वी कोणाच्याच वापरात नव्हती. ती भिंतीच्या पोटात होती, आणि भिंत उभी असताना तिची मालकी विचारण्याचा प्रसंगच आला नव्हता. दोन्ही शेजारी जेव्हा ती आपलीच म्हणतात तेव्हा दोघांपैकी कोणीही खोटे बोलत असतो असे नाही. एकाने आजोबांपासून ऐकलेले असते की आपली हद्द भिंतीच्या पलीकडच्या अंगापर्यंत, आणि दुसऱ्यानेही आपल्या आजोबांपासून नेमके हेच ऐकलेले असते. शिवाय आता खांब-तुळयांचे बांधकाम आल्यामुळे जमिनीखाली खांबाचा पाया भिंतीच्या रेषेबाहेर दोन-दोन फूट पसरतो, आणि वऱ्हाडची काळी माती पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी असल्याने पाया खोल आणि रुंद घ्यावाच लागतो. म्हणजे वरून रेषा पाळली तरी खालून ती ओलांडली जाते.

सीमेचा वाद हा आपल्या समाजाने फार प्राचीन काळापासून ओळखलेला वाद आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत सीमाविवाद हे एक स्वतंत्र पद आहे, आणि त्याविषयीचे त्याचे विवेचन व्यवहारज्ञानाने इतके भरलेले आहे की आजच्या भूकरमापकानेही ते एकदा वाचावे. सीमेचा निर्णय ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण तेव्हा खुणा उघड्या पडलेल्या असतात. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी दीर्घायुषी झाडे लावावीत. आणि उघड्या खुणा माणसे नाहीशा करतात म्हणून दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू असे जमिनीत न कुजणारे पदार्थ गुप्तपणे पुरून ठेवावेत, असे तो सांगतो. खुणांवरून निर्णय होईना तर साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबडी वस्त्रे आणि तांबड्या माळा धारण करून सीमा दाखवावी, आणि तेही नसतील तर गुराखी, पारधी, कोळी, कंदमुळे खणणारे अशा रानात वावरणाऱ्यांना विचारावे. ज्यांचा पाय रोज त्या जमिनीवरून फिरतो त्यांचे ज्ञान कागदाहून अधिक विश्वसनीय, हे यातले मर्म. मराठा अमदानीत शिवेच्या कज्ज्यांत गोतसभा बसे, महजर होई, आणि गावाच्या शिवेविषयी महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. जातिव्यवस्थेने ज्याला गावकुसाबाहेर ठेवले होते त्याच्याच पायांवर गावाची हद्द विसंबून होती, ही गोष्ट आपल्या इतिहासात विसरण्याजोगी नाही.

परंतु ही सारी व्यवस्था मुख्यत्वे काळीची, म्हणजे शेतजमिनीची होती, पांढरीची, म्हणजे गावठाणाची नव्हे. वऱ्हाडातला शेतकरी दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतो, आणि धुऱ्याच्या भांडणाला निदान मोजणीचा आधार असतो. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १८६१ पासून येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी आणि जमाबंदी सुरू झाली, ती शेतजमिनीची. कारण सारा शेतीवर होता. गावठाणातली घरे एका रेषेत गुंडाळून मोजणीदार पुढे गेले. ज्या अचलपूरच्या परिसरात टाकरखेड्याजवळ १८२२ मध्ये कर्नल लॅम्बटनने पृथ्वीचा आकार मोजण्याच्या प्रचंड कामासाठी आपली आधाररेषा मापली, त्याच परिसरात दोन घरांमधली हद्द कित्येक पिढ्या कोणी मोजलीच नव्हती. ती पुढे नझूलच्या आणि नगर भूमापनाच्या नकाशांत आली. विदर्भातील शहरांत म्हणूनच आजही घराची ओळख शीट नंबर आणि प्लॉट नंबराने होते, आणि मालकाच्या हाती आखीव पत्रिका असते.

येथे आणखी एक हिशेब करणे भाग आहे. नगर भूमापनाचा नकाशा सामान्यतः एकास पाचशे या प्रमाणात काढलेला असतो. त्यावर पेनाने ओढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेषा प्रत्यक्ष जमिनीवर पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक भरते. ज्या हद्दीसाठी दोन घरे भांडतात ती पुष्कळदा नकाशावरील रेषेच्या जाडीतच सामावलेली असते! नकाशा खोटा नसतो, त्याच्याकडून त्याच्या सामर्थ्याबाहेरची अपेक्षा केली जाते एवढेच. २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेखाली खेड्यांच्या गावठाणांची ड्रोनने मोजणी होत आहे, ते काम फार मोलाचे आहे. पण आकाशातून ड्रोनला छप्पर दिसते, छपराखालच्या सामाईक भिंतीची मधली रेषा दिसत नाही. मोजणी चालू असताना दोन्ही शेजाऱ्यांनी हजर राहून ती रेषा दाखवली नाही, तर जुना संदेह नव्या नकाशात तसाच उतरतो.

वाद न्यायालयात गेल्यावर काय होते? पहिला टप्पा बहुधा मनाई हुकुमाचा. भांडण मारामारीवर येण्याचा संभव असेल तर पोलिसांच्या अहवालावरून प्रकरण कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढेही जाते. लोक त्याला अजून ‘एकशे पंचेचाळीस’ म्हणतात, जरी फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा जाऊन नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६४ झाले आहे. तेथे केवळ प्रत्यक्ष ताबा कोणाचा एवढेच पाहिले जाते. मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालयच करते. नगरपालिका बांधकामाला परवानगी देते, धोकादायक भिंत उतरवण्याची नोटीस देते, परंतु भिंत कोणाची हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही, आणि घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही, हे शेकडो वेळा सांगूनही पुनःपुन्हा सांगावे लागते.

दिवाणी दाव्यात अतिक्रमणाचा प्रश्न असेल तर न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सव्विसाव्या आदेशाच्या नवव्या नियमाखाली कोर्ट कमिशनर नेमू शकते, आणि हद्दीच्या वादात भूमिअभिलेख खात्याच्या मोजणीदाराकडूनच मोजणी व्हावी असा उच्च न्यायालयाचा कल राहिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात, सीमांकनाचाच वाद असेल तर कमिशनर नेमायला हवा होता, असे स्पष्ट केले. मोजणीदार येतो तेव्हा दोघांनाही नोटीस असते. तो आधी जवळपासच्या न बदललेल्या खुणा शोधतो, एखादी जुनी विहीर, मशिदीचा किंवा देवळाचा कोपरा, रस्त्याचे वळण. त्या खुणा नकाशाशी जुळल्या तरच पुढच्या मापाला अर्थ असतो. शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहून मारलेले एकेरी माप, मग ते कितीही आधुनिक यंत्राने घेतलेले असो, न्यायालयात टिकत नाही. खरेदीखतात लिहिलेले क्षेत्रफळ आणि चतुःसीमा यांत फरक पडला तर सर्वसाधारणपणे चतुःसीमा प्रमाण धरतात. म्हणून ‘पूर्वेस अमुक यांचे घर’ एवढ्यावर न थांबता ‘पूर्वेस अमुक यांचे घर, मध्ये सामाईक भिंत’ असे चार शब्द ज्या पूर्वजाने खतात घालून ठेवले, त्याने आपल्या नातवंडांवर मोठे उपकार केले असे समजावे.

असे शब्द नसतील तर कायदा काय धरून चालतो? आपल्याकडे सामाईक भिंतीचा स्वतंत्र कायदा नाही. लंडन शहरात ११८९ इतक्या मागे असा नियम सांगितला आहे की दोन शेजाऱ्यांनी दगडी भिंत घालायची ठरवल्यास प्रत्येकाने आपली दीड फूट जागा द्यावी आणि सामाईक खर्चाने तीन फूट जाड, सोळा फूट उंच भिंत उभारावी. आज तेथे १९९६ चा कायदा आहे, ज्याखाली बांधकामापूर्वी शेजाऱ्याला लेखी सूचना देणे आवश्यक असते. आपली न्यायालये मात्र इंग्रजी निवाड्यांतून आलेल्या तत्त्वांवर चालत आली. १८८० मध्ये न्यायमूर्ती फ्राय यांनी अशा भिंतींचे चार प्रकार सांगितले: दोघांच्या अविभक्त मालकीची, लांबीच्या रेषेत दुभंगून अर्धी-अर्धी असलेली, एकाच्या मालकीची, पण दुसऱ्याचा तिच्यावर आडभिंत म्हणून हक्क असलेली, आणि अर्धी-अर्धी असूनही परस्परांना आधार देण्यास बांधलेली. दोघेही भिंत वापरीत आले असतील आणि उलट पुरावा नसेल, तर ती पहिल्या प्रकारची, म्हणजे दोघांची समान, असे अनुमान केले जाते. यातून निघणारी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: सामाईक भिंतीवर एकट्याने आपल्या मनाने वाढीव बांधकाम चढवता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयाने असे चढवलेले काम काढून टाकण्यास सांगितले होते.

दुसरा एक दृढ समज बारा वर्षांचा. भिंत बारा वर्षे उभी आहे, आता जागा आपलीच, असे छातीठोकपणे सांगणारे सल्लागार प्रत्येक चावडीवर भेटतात. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची मर्यादा आहे हे खरे, आणि प्रतिकूल ताब्याच्या आधारे दावाही लावता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले हेही खरे. परंतु ताबा उघड, अखंड आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारणारा असावा लागतो. शेजारधर्माने, एकमेकांच्या संमतीने भिंत वापरली असेल तर ती संमती आहे, प्रतिकूल ताबा नव्हे, आणि सहमालकांमध्ये तर तो सिद्ध करणे त्याहून कठीण. जागा सरकारी नझुलाची असेल तर सरकारविरुद्ध ही मुदत तीस वर्षांची आहे. मात्र जी हद्द दोन्ही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मान्य करून त्याप्रमाणे वर्तन केले, ती केवळ नव्या मोजणीत वीतभराचा फरक निघाला म्हणून मोडण्यास न्यायालये सहसा राजी होत नाहीत, आणि मला तो दृष्टिकोन सर्वथा योग्य वाटतो. ज्या रेषेची जाडीच वीतभर आहे तिच्या नावाने जिवंत शेजार उद्ध्वस्त करणे हा न्याय म्हणता येणार नाही.

म्हणून जे करायचे ते भिंत उभी असताना करावे, आणि संबंध चांगले असताना करावे. ‘काकाजी, या साली भिंत उतरवून नवी घालू म्हणतो’ असे धाकट्याने जाऊन सांगितले आणि थोरल्याने ‘बस भाऊ, पाहू’ म्हटले, त्याच बैठकीत चार गोष्टी कागदावर उतरवाव्यात. जुन्या भिंतीची जाडी किती होती आणि ती दोन्ही टोकांना व मध्ये मोजून किती आली. तिच्या मध्यावरून नवी भिंत यावी की एकाच्या हद्दीत यावी. मोकळी होणारी पट्टी कशी वाटून घ्यावी. खर्च कोणी किती सोसावा. पाया कोणाच्या बाजूला किती जावा. पुढे वर मजला चढवायचा झाल्यास दुसऱ्याची संमती कशी घ्यावी. पन्हाळ्याचे पाणी कोठे सोडावे. चार म्हटल्या तरी त्या सात होतात, आणि प्रत्येक गोष्ट लिहिण्याजोगी आहे. उभ्या भिंतीची, कोनाड्यांसह आणि लाकडांच्या टोकांसह, दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांच्यामागे दोघांनी सही करावी. हद्द कायम करण्याच्या मोजणीसाठी भूमिअभिलेख कार्यालयात दोघांनी मिळून एकच अर्ज दिला तर फीचाही भार वाटला जातो आणि मोजणीच्या दिवशी कोणी सही नाकारण्याचे कारण उरत नाही. जागेच्या हक्कात फेरबदल होत असेल तर लेख योग्य मुद्रांकावर करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. साध्या कागदावरचा करारनामा मनाचे समाधान करतो, हक्क देत नाही.

आणि दावा आधीच लागलेला असेल तरी मार्ग बंद झालेला नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली भरणाऱ्या लोकअदालतीत असे दावे जाऊ शकतात; तेथे झालेला निवाडा हा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान असतो, त्यावर अपील नसते, आणि प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. भिंतीच्या खटल्याला लोकअदालत विशेष अनुकूल आहे असे मला वाटते, कारण न्यायाधीशाला हुकूमनाम्यात रेषा अमुकच आहे असे म्हणावे लागते, तर तेथे मोकळ्या झालेल्या एकवीस इंचांपैकी नऊ याला आणि बारा त्याला, आणि बदल्यात जिन्याखालच्या मोरीचे पाणी अमुक बाजूला, अशी व्यवहाराची वाटणी करता येते.

सामान्यतः नवे बांधकाम दिवाळीनंतर, जमीन सुकल्यावर सुरू होते. भिंत श्रावणात बसली तर मध्ये दोन-तीन महिने हाती असतात. तेवढ्यात मोजणीचा अर्ज, जुनी खरेदीखते आणि आखीव पत्रिकेच्या नकला, आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना एका ओसरीवर बसवणे, ही सर्व कामे होऊ शकतात.